दुसरा घाव

जुन्या कुऱ्हाडीचं पातं दांड्यातून निसटलं, दर्शनाच्या नडगीला चाटून गेलं आणि मागच्या पत्र्यात खाडकन रुतलं. आधी तिला काही झाल्यासारखं वाटलंच नाही. खाली बघितलं तर कातडी सोलून निघालेली, आत पांढरं काहीतरी दिसत होतं. मग रक्ताची धार लागली. चुलीपुढे बसलेली तिची सासू गंगुबाई पिठाच्या हातांनीच धावत आली. तिनं जखमेत मूठभर हळद दाबली आणि जुन्या लुगड्याची पट्टी फाडून पाय करकचून आवळला.

"गुडग्याव बसला असता मंजे?" गंगुबाई म्हणाली. "फेक गो ती कुराड. दांडा सडलाय तिचा."

कुऱ्हाड दर्शनाच्या सासऱ्यांची होती. ते जाऊन बरीच वर्षं झाली, तेव्हापासून घरात तीच वापरात होती. दांडा वाळवीनं आतून पोखरला होता आणि पातं झिजून सुरीसारखं पातळ झालं होतं. लाकडात घुसायचं ते रुतूनच बसायचं.

पण लाकडं फोडल्याशिवाय दर्शनाचं चालणार नव्हतं. दिवा गावाच्या त्या भागात आता जिकडेतिकडे सात-सात मजल्यांच्या इमारती उठल्या होत्या, त्यांच्या मधोमध यांचं बैठं घर आणि मागचं अंगण तेवढं उरलेलं. अंगणात पत्र्याच्या शेडखाली तीन चुली. हळदीच्या, साखरपुड्याच्या, बारशाच्या जेवणांसाठी तांदळाच्या भाकऱ्या आणि चुलीवरचं मटण इथून जायचं. थेट डोंबिवलीपर्यंत लोक तिच्याच भाकऱ्या मागायचे. नवरा प्रभाकर वर्तकनगरात एका सोसायटीत वॉचमन होता, सकाळी जायचा तो अंधार पडता यायचा. शिडीवरून पडल्यापासून त्याचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता, त्यामुळे लाकूड फोडणं दर्शनाकडेच आलेलं.

पायाची जखम भरल्यावर ती कल्याणला गेली. बाजारात बाबुरावांचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. बाबुराव म्हातारे, चष्मा कपाळावर. त्यांनी भिंतीला टांगलेली, पिवळ्या दांड्याची चकचकीत कुऱ्हाड काढून दिली.

"ही घ्या. कंपनीची आहे."

दर्शनानं ती हातात तोलली आणि परत दिली. "सुंदर आहे काका, पण परवडायची नाही. आणि पातं बारीक आहे हिचं. फांदी तोडायला ठीक. मला ओंडके फोडायचेत."

"मग त्या कोपऱ्यातल्या ढिगातलं बघा. नुसती पाती आहेत, दांडा तुमचा तुम्ही बसवायचा. स्वस्त आहेत, पण सगळी सारखी नाहीत हो, आधीच सांगतो."

ती खाली बसली आणि एकेक पातं उचलून बघू लागली. निळ्या रंगाखाली काय दडलंय ते कळत नव्हतं. एकाचं दांड्याचं भोक तिरकं होतं. एकाच्या कडेला केसासारखी चीर होती. मग तिनं दोन-दोन पाती एकमेकांवर आपटून आवाज ऐकायला सुरुवात केली. बहुतेक थडथड वाजली. एक मात्र घंटेसारखं वाजलं. ते आखूड होतं, दोन्ही गाल फुगलेले, मागचा तुंबा हातोड्यासारखा जाडजूड. दिसायला अगदी बेढब.

"हे लाकडात रुतायचं नाही," ती म्हणाली. "दोन्हीकडे फाकवेल."

"छान निवडलंत," बाबुराव म्हणाले. "धार मात्र फार काढू नका. स्वस्तातलं लोखंड आहे, पातळ केलंत तर कड उडेल. आणि दांडा दुकानातला घेऊ नका. तो गोल असतो, हातात फिरतो."

दांड्यासाठी तिनं आपल्याच लाकडांच्या ढिगातून बाभळीचा सरळ, वाळलेला तुकडा निवडला. पुढचे काही दिवस दुपारी चुली निवल्या की ती शेडखाली बसायची. बाभूळ कोयत्यानं तासली, मग फुटक्या बाटलीच्या काचेनं खरवडून गुळगुळीत केली. दांडा तिनं अंड्यासारखा लांबट गोल ठेवला, म्हणजे डोळे मिटून हातात घेतला तरी पातं कुठल्या बाजूला आहे ते मुठीला कळावं. लांबीही तिनं आपल्या हाताच्या मापानं कमी केली. पात्याचा निळा रंग घासून काढला आणि कानस घेऊन गाल सारखे केले. दांडा बसवून वरून सागवानाची पाचर ठोकली, तिच्यात आडवी लोखंडाची. चुकलेला घाव पात्याखाली दांड्यावर बसतो, म्हणून तिथे सायकलची जुनी ट्यूब ताणून गुंडाळली. शेवटी दांड्याला जवसाचं तेल पाजलं.

तिचा दीर सर्वेश तिथे आला तेव्हा ती कानस चालवत होती.

सर्वेश प्रभाकरहून लहान, त्याच गावठाणात पुढच्या इमारतीत राहायचा. लग्न मोडलं होतं, बायको माहेरी निघून गेली होती. का गेली ते सगळ्या आळीला ठाऊक होतं, तिच्या किंकाळ्या सगळ्यांनी ऐकल्या होत्या. आता त्याला हे घर आणि अंगण पाडून तिथे इमारत उठवायची होती. कंत्राटदार तयार होता. जागा गंगुबाईच्या नावावर होती आणि ती अंगठा उठवायला तयार नव्हती. "मी मेल्याव करा काय ते," एवढंच ती म्हणायची. मागच्या महिन्यात त्यानं उकळत्या मटणाचं पातेलं लाथेनं उडवलं होतं. रस्सा दर्शनाच्या पावलांवर सांडला, तेव्हाचे फोड अजून काळे दिसत होते. प्रभाकरनं त्या रात्री भावाला फोन केला, पण बोलताना त्याचा आवाज असा खाली गेला, जणू चूक यांचीच होती.

"काय वहिनी," सर्वेश खांबाला टेकून म्हणाला. "कोणाला कापायची तयारी चाललीय?"

"लाकडं फोडायची आहेत."

"लाकडाला एवढी पॉलिश? बायका नेलपेंट लावतात, तू कुऱ्हाडीला लावतेस." तो हसला, खाली वाकला आणि तिच्या कानाजवळ तोंड आणून म्हणाला, "ह्या चुली मी तोडणार. म्हातारी मध्ये आली तर म्हातारीला पण. समजलं काय?"

तो गेला. दर्शनानं कानस पुन्हा पात्यावर ठेवली. हळूहळू लोखंडाचा खर्र खर्र आवाज तिला गोड वाटायला लागला. प्रत्येक घासण्याबरोबर त्याचं तोंड डोळ्यांपुढे येत होतं. धार पुरेशी झाली होती, तरी ती घासत राहिली. मग बाबुरावांचं बोलणं आठवलं आणि तिनं हात आखडता घेतला.

कुऱ्हाड मात्र अशी निघाली की दर्शनाला स्वतःलाच नवल वाटलं. आंब्याचा ओंडका उभा करायचा, पातं नुसतं वरून सोडायचं, की तो दोन्हीकडे फाकायचा. आवाजसुद्धा स्वच्छ, हाड मोडल्यासारखा. गंगुबाई कौतुकानं बघत बसायची आणि म्हणायची, "मर्दाचा हात हाय गो तुजा."

मग तो गुरुवार आला. सकाळी कंत्राटदाराचा माणूस टेप घेऊन अंगण मोजायला आला. गंगुबाईनं त्याला दोनदा जा म्हणून सांगितलं. तो हसला आणि टेपचं टोक चुलीजवळ ठेवून दुसरीकडे चालू लागला, तेव्हा तिनं भांड्यांचं खरकटं पाणी त्याच्या अंगावर फेकलं. इमारतींच्या गॅलऱ्यांतून लोक हसले. माणूस शिव्या देत निघून गेला.

दुपारी दर्शना शेडच्या मागे लाकडं फोडत होती. पुढून काहीतरी कोसळल्याचा आवाज आला. मग गंगुबाईची हाक नाही, किंकाळी. दर्शना धावली. कुऱ्हाड हातातच होती, ती टाकावी असं तिच्या मनातही आलं नाही.

एक चूल पहारीनं फोडलेली. मातीचे तुकडे, निखारे, पीठ, सगळं एकत्र. सर्वेशनं गंगुबाईचे केस मुठीत धरले होते आणि तो तिला ओढत दुसऱ्या, पेटत्या चुलीकडे नेत होता. तिचा डावा हात कोपरापासून विचित्र लोंबत होता.

"चूल पाहिजे ना तुला? घे! घे चूल!"

त्यानं तिचं तोंड चुलीत खुपसलं. केसांनी भुर्रकन पेट घेतला. जळक्या केसांचा वास दर्शनाच्या घशात गेला.

"सर्वेश, सोड त्यांना!" ती ओरडली. त्यानं मान वळवून बघितलं, आणि तो हसला. म्हातारीला त्यानं आणखी खाली दाबलं.

दर्शनानं कुऱ्हाड उचलली आणि त्याच्या मनगटावर मारली. कड्कन आवाज आला. तुंबा बसला होता, पातं नाही. मूठ आपोआप उघडली आणि गंगुबाई बाजूला लवंडली. सर्वेश हात छातीशी धरून मागे सरकला. तो ओरडतही नव्हता, नुसता आ वासून स्वतःच्या हाताकडे बघत होता. मनगटातून एक टोकदार हाड बाहेर आलं होतं. मग तो वळला. तो निघून चालला होता, दोन पावलं गेलाही होता.

दर्शनानं दुसरा घाव घातला. गुडघ्याच्या मागे, पूर्ण ताकदीनं, ओंडक्यावर घालायची तसा. तो पालथा पडला आणि आता मात्र किंचाळू लागला. तिनं तिसऱ्यांदा कुऱ्हाड उचलली. निखाऱ्यांत पडलेली गंगुबाई तिच्याकडे बघत होती. तिच्या कानाची पाळी जळून काळी झाली होती, आणि त्या नजरेत वेदनेपेक्षा भीतीच जास्त होती. दर्शनाला कळलं, म्हातारी आपल्यालाच भ्यायलीय. तिनं कुऱ्हाड खाली टाकली, पाण्याचा हंडा म्हातारीच्या डोक्यावर उपडा केला आणि तिला मांडीवर घेऊन बसली.

त्या भागात पाण्याची बोंब. तो हंडा सकाळपासून रांगेत उभं राहून भरलेला होता. पुढे कितीतरी दिवस तिला त्या हंड्याचीही आठवण यायची.

दोघांनाही कळव्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. दर्शनाला पोलीस ठाण्यात नेलं. कुऱ्हाड पुठ्ठ्यात बांधून, सील करून मुद्देमालात जमा झाली. आणि संध्याकाळपर्यंत सगळं उलटं फिरलं. सर्वेशनं जबाब दिला की आपण आईला भेटायला गेलो होतो आणि वहिनीनं मागून हल्ला केला. दवाखान्यात पोलिसांनी गंगुबाईला विचारलं, तर ती म्हणाली, "पाय घसरला. चुलीव परलू. पोऱ्यानं कै नाय केला."

प्रभाकर ड्युटीचे कपडे न बदलताच आला होता. तो गजांजवळ येऊन उभा राहिला.

"आई असं बोलली?" दर्शनानं विचारलं.

"तिचा मुलगा आहे गं तो," तो म्हणाला. मग खाली बघून पुटपुटला, "माझा भाऊ आहे."

"आणि मी?"

त्यानं गजांतून डावा हात आत घातला. तिनं तो धरला नाही.

तपास महिला फौजदाराकडे होता. शांत बाई होती, आवाज चढवत नव्हती. तिनं टेबलावर कुऱ्हाडीचा फोटो ठेवला.

"महिन्याभरापूर्वी घेतलीस. पातं घासलंस, दांडा तुझ्या हाताच्या मापाचा केलास, ट्यूब गुंडाळलीस. शेजारी सांगतात, रोज दुपारी बसून कानस मारत होतीस. कशासाठी?"

"लाकडं फोडायला, मॅडम. तुम्ही पातं बघा, माणूस मारायचं नाहीय ते. जाडं आहे."

"मनगटाचा चुरा झालाय त्याच्या. गुडघा गेलाय. जाडं असलं तर काय झालं?" फौजदार बाईनं फोटो आपल्याकडे ओढला. "आणि तुंबा बसला तो कसा? हातात फिरली?"

"नाही. तो दांडा हातात फिरत नाही. मीच फिरवला असणार."

"म्हणजे जीव घ्यायचा नव्हता."

"पहिल्या वेळी नव्हता."

"आणि दुसऱ्या वेळी?"

तिच्या वकिलानं तिला गप्प राहायला सांगितलं होतं. पण त्या दुपारपासून तिच्या डोक्यात हेच एक घुमत होतं आणि ते कुणापुढे तरी ओकल्याशिवाय तिला श्वास घेता येणार नव्हता. "दुसरा लागत नव्हता, मॅडम. तो चालला होता. मला थांबता आलं नाही. पातं कुठे आहे ते मी बघितलंसुद्धा नाही."

फौजदार बाईनं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "हे मी लिहिलं तर तुझं काय होईल, कळतंय का तुला?"

"कळतंय."

दुसऱ्या दिवशी फौजदार बाई पुन्हा दवाखान्यात गेली. गंगुबाईच्या डोक्याला बँडेज, हात प्लास्टरमध्ये. सुनेवर जिवे मारण्याच्या प्रयत्नाची केस होतेय, वर्षानुवर्षं आत जाईल, असं तिनं म्हातारीला समजावून सांगितलं. प्रभाकर शेजारी उभा होता. त्यानंच नंतर दर्शनाला सगळं सांगितलं.

गंगुबाई छताकडे बघत होती. शेजारच्या वॉर्डात सर्वेश होता, त्याचं कण्हणं मधूनमधून ऐकू यायचं. मग ती म्हणाली, "लिवा."

आणि तिनं सांगितलं. हात कसा पिरगळला, केस कसे धरले, तोंड चुलीत कसं दाबलं. कानावरची पट्टी स्वतः सोडून दाखवली. पोटच्या पोराविरुद्ध एकेक गोष्ट अशी सांगितली, की लिहून घेणारा शिपाईसुद्धा मध्येच थांबला. शेवटी फौजदार बाईनं विचारलं, "आणि दुसरा घाव? तेव्हा तो चालला होता ना?"

"नाय," गंगुबाई म्हणाली. "पहार घेवाला चाललेला. माज्या डोस्क्यात घालनार व्हता. तिनं नाय मारला असता त मी आज नसतू."

दर्शनाला ठाण्याच्या कोर्टातून जामीन मिळाला. आईला जाळल्याबद्दल सर्वेशवरही गुन्हा दाखल झाला. दोन्ही केसेसच्या तारखा अजून पडतायत.

गंगुबाई घरी आली त्या दुपारी अंगणात दोनच चुली धड होत्या. दर्शनानं कात्री घेतली आणि म्हातारीला खुर्चीवर बसवून तिचे जळलेले, गोळा झालेले केस कापायला सुरुवात केली. जामीन मिळाल्यापासून दवाखान्यात दोघी एकमेकींशी कामापुरतंच बोलल्या होत्या.

"आई," दर्शना म्हणाली. "पहार दुसऱ्या बाजूला पडली होती. तो तिकडे चाललाच नव्हता."

"म्हायती हाय मना."

"मग का सांगितलंत?"

गंगुबाई मान न हलवता म्हणाली, "तो माजा पोऱ्या हाय. त्याला वाचवाला मी पयली खोटा बोललू. मंग तुज्यासाठी दुसऱ्यांदा बोललू. आता देवाला इचारते, कंचा खोटा जास्ती." आणि मग, "कानाजवल हलूच काप. दुकतं."

पावसाळा संपता संपता सर्वेश दारात आला. काठी टेकत, उजवा पाय ओढत. इमारतीचा विषय संपला होता. कंत्राटदारानं पोलीस केस बघून हात झटकले होते, आणि सर्वेश आता कळव्यात कुठेतरी खोली घेऊन राहत होता. दर्शना चुलीपुढे होती. त्याला बघताच तिच्या उजव्या हाताची मूठ आपोआप वळली, जणू दांडा हातात होता. तो उंबऱ्याबाहेरच थांबला.

"आय, भूक लागलीय," तो म्हणाला.

गंगुबाईनं दर्शनाकडे बघितलं. दर्शनानं तव्यावरची भाकरी ताटात घातली, वर सुकटीची चटणी, आणि ताट सासूच्या पुढे सरकवलं. स्वतः उठून त्याच्याजवळ गेली नाही.

सर्वेश पडवीच्या पायरीवर बसला. त्याच्या उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती. डाव्या हातानं तो भाकरी मोडायला बघत होता, पण ताट सरकायचं आणि भाकरी निसटायची. तो पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहिला. दर्शना बघत होती. आपल्याला त्याची कीव येईल याची ती वाट बघत होती, आणि कीव येत नव्हती. पश्चात्तापही नाही.

गंगुबाई उठली. तिचाही डावा हात आता कोपरात सरळ होत नव्हता. ती पायरीवर लेकाशेजारी बसली, ताट मांडीवर घेतलं आणि त्या वाकड्या हातानं ताट धरून उजव्या हातानं भाकरीचे तुकडे करू लागली. सर्वेश खाली मान घालून एकेक तुकडा उचलत होता. त्यानं आईकडे बघितलं नाही, तिनंही त्याच्याकडे नाही.

दर्शनानं दुसरी भाकरी तव्यावर टाकली आणि ती फुगायची वाट बघत राहिली.